सह्याद्रीत जीवाश्म का सापडत नाहीत, आणि जिथे सापडतात तिथे ते तयार कसे झाले?

सातारा जिल्ह्यातील एका शाळेचे विज्ञानशिक्षक लिहितात की रस्त्यासाठी डोंगर कापला तिथे त्यांच्या विद्यार्थ्यांना नारळाएवढा, कांद्यासारखे पापुद्रे सुटणारा एक गोल दगड मिळाला असून ते डायनासोरचे अंडे आहे अशी मुलांची खात्री झाली आहे. त्यासोबत त्यांनी दोन प्रश्न विचारले आहेत. जीवाश्म नेमके कसे तयार होतात? आणि आपल्या दाराशी साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे एवढे खडक उभे असताना ते इतके दुर्मीळ का? दगडाविषयी मी शेवटी लिहितो, कारण ते उत्तर पटायचे तर आधी या दोन प्रश्नांची उत्तरे हाताशी हवीत.

कोणतीही वस्तू जमिनीत पुरेसा काळ राहिली की तिचा दगड होतो, आणि म्हणून खडक जितका जुना तितके त्यात जीवाश्म जास्त, असा एक समज सर्वत्र आढळतो. विदर्भातल्या थरांवर तीस वर्षे काम केल्यानंतर मला सर्वांत आधी हा समज दूर करावासा वाटतो. काळ स्वतः काहीच टिकवत नाही. एखाद्या जीवाचा जीवाश्म होणार की नाही याचा निकाल बहुतेक वेळा मृत्यूनंतरच्या पहिल्या काही दिवसांत, महिन्यांत, फार तर काही वर्षांत लागलेला असतो. पुढच्या कोट्यवधी वर्षांत तो निकाल एक तर राखला जातो किंवा बिघडतो.

गावच्या गायरानात टाकलेला मेलेला बैल ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. कुत्री, कावळे, घारी आणि पूर्वी असत ती गिधाडे आठवडाभरात मांस संपवतात, बरगड्या आणि पायांची हाडे इकडेतिकडे ओढली जातात, उरलेली हाडे उन्हाने तडकतात, पावसात भिजतात, पुन्हा तडकतात आणि पापुद्रे सुटत सुटत त्यांचा चुरा होतो. केनियातील अंबोसेलीच्या गवताळ प्रदेशात मोठ्या प्राण्यांच्या सांगाड्यांवर लक्ष ठेवून ॲना बेहरेन्समायर यांनी १९७८ साली दाखवून दिले की उघड्यावर पडलेली हाडे साधारण १० ते १५ वर्षांत ओळखू न येण्याइतकी झिजून जातात. हत्तीच्या मांडीच्या हाडाची ही कथा असेल, तर चिमणीच्या किंवा वटवाघळाच्या काडीसारख्या हाडांचे काय होत असेल याची कल्पना करता येते. मृत्यूपासून खडकात जाईपर्यंतच्या या प्रवासाचा अभ्यास करणारी एक स्वतंत्र शाखाच आहे. रशियन शास्त्रज्ञ इव्हान येफ्रेमोव्ह यांनी १९४० साली तिला टॅफोनॉमी हे नाव दिले.

म्हणून पहिली अट गाडले जाण्याची, आणि तेही लवकर. नदीचा पूर ओसरताना टाकलेला गाळ, तळ्याच्या तळाशी बसणारी बारीक चिकणमाती, वाऱ्याने आलेली राख किंवा वाळू यांपैकी काहीतरी वेळेवर अंगावर पडले पाहिजे. तळ्याचा किंवा समुद्राचा तळ यासाठी सर्वांत सोयीचा, कारण तिथे गाळ सतत साठतो. डोंगरमाथा सर्वांत गैरसोयीचा, कारण तिथून माती फक्त वाहून जाते. डोंगरात राहणाऱ्या प्राण्यांचा इतिहास आपल्याला इतका तुटक मिळतो त्याचे मुख्य कारण हेच आहे. गाळ बारीक आणि पाणी शांत असेल तर प्राणवायू तळापर्यंत पोचत नाही, कुजणे मंदावते आणि कधी कधी पानाच्या शिराही टिकतात. वाहत्या नदीच्या गोट्यांमध्ये मात्र हाडे घासून गोल होतात आणि तिथून बहुधा दात तेवढे शाबूत हाती लागतात, कारण दाताच्या बाहेरच्या आवरणाइतके कठीण शरीरात दुसरे काही नसते.

दुसरी अट जमिनीतल्या पाण्याची, आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. हाडाचा सुमारे दोनतृतीयांश भाग कॅल्शियम आणि फॉस्फेट यांच्या खनिजाचा असतो आणि आम्लयुक्त पाण्यात ते खनिज विरघळते. दाट जंगलातल्या कुजलेल्या पाल्याची माती आम्लयुक्त असते, त्यामुळे गाडली गेलेली हाडेसुद्धा तिथे टिकत नाहीत. याचे सर्वांत बोलके उदाहरण चिंपांझीचे आहे. माणसाच्या पूर्वजांचे शेकडो जीवाश्म आफ्रिकेत मिळाले असताना चिंपांझीचा पहिला जीवाश्म प्रसिद्ध व्हायला २००५ साल उजाडले, आणि तोही केनियातून मिळालेल्या मोजक्या दातांच्या रूपात. चिंपांझी कमी होते असे नव्हे. ते दमट जंगलात राहिले आणि तिथेच मेले. कोकणातल्या जांभ्याच्या मातीत जुन्या हाडांची अपेक्षा धरू नये ती याच कारणाने.

हे दोन्ही जुळून आले की मग पुढचे काम संथपणे सुरू होते. हाड भरीव नसते. आतून ते जाळीदार असते, आणि त्यातली प्रथिने कुजून गेली की आणखी सूक्ष्म पोकळ्या मोकळ्या होतात. गाळातून झिरपणारे पाणी या पोकळ्यांमध्ये कॅल्साइट, सिलिका किंवा लोहाची खनिजे सोडत जाते. हाडाचे मूळ खनिजही हळूहळू बदलते, पण घडण तशीच राहते. म्हणून जीवाश्म झालेले हाड हातात घेतले की पहिल्यांदा जाणवते ते त्याचे वजन, आणि तुटलेल्या कडेवर भिंग धरले की स्पंजासारखी जाळी अजून जशीच्या तशी दिसते, फक्त प्रत्येक छिद्रात खनिज भरलेले असते. शेतात दगड की हाड असा संशय आला तर आम्ही तुकड्याची कड पुसून जिभेला लावून पाहतो. हाडातल्या बारीक छिद्रांमध्ये ओल शोषली जाते आणि तुकडा जिभेला किंचित चिकटतो, दगड सहसा चिकटत नाही. छिद्रे पूर्ण भरून गेली असतील तर ही खूण फसते, म्हणून भिंगाची जाळी हाच खरा पुरावा मानावा.

जीवाश्म होण्याचा हा एकच मार्ग नाही. शिंपला विरघळून गेला तरी त्याचा ठसा खडकात राहतो आणि त्या ठशात पुढे गाळ भरला तर साच्यातून काढावी तशी प्रतिकृती तयार होते. दाबाखाली पानातले इतर घटक निघून जाऊन कार्बनचा काळा पापुद्रा उरतो. चंद्रपूरच्या कोळशाच्या पट्ट्यातल्या खडकांत ग्लॉसोप्टेरिस नावाच्या वनस्पतीची जिभेच्या आकाराची पाने अशीच मिळतात, आणि ती पंचवीस कोटी वर्षांहून जुनी आहेत. पाऊलखुणा, बिळे आणि विष्ठा हेही जीवाश्मच.

आता सह्याद्रीकडे. महाराष्ट्राचा बहुतांश भाग दख्खनच्या बेसॉल्टने, म्हणजे आपल्या ओळखीच्या काळ्या पाषाणाने झाकलेला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांमधून लाव्हा एकावर एक वाहत गेला आणि आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर तो पसरलेला आहे. महाबळेश्वरच्या परिसरात या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. हा लाव्हा ११०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला होता. त्याच्या वाटेत आलेले झाड किंवा प्राणी जळून नाहीसा होतो, त्याचा जीवाश्म होत नाही. याला अपवाद इतके थोडे आहेत की ते नावानिशी सांगता येतात. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात ब्लू लेकजवळ १९३५ साली बेसॉल्टमध्ये गेंड्याच्या आकाराची पोकळी सापडली. पाण्यात शिरताच थिजलेल्या लाव्हाने एका फुगलेल्या मृत गेंड्याभोवती कवच धरले होते. तेव्हा सह्याद्रीत जीवाश्म नाहीत ही काही आपल्या शोधातली उणीव नाही, तो खडकाचा स्वभाव आहे. खडक डायनासोरांच्या काळाचा आहे एवढ्यावरून त्यात डायनासोर असतील असे अनुमान काढता येत नाही.

परंतु लाव्हा सलग वाहिला नाही. एक लोट येऊन थंड व्हायचा आणि पुढचा येईपर्यंत शेकडो, कधी हजारो वर्षे जायची. तेवढ्या काळात वरच्या खडकाची माती व्हायची, लाव्हाने अडवलेल्या ओढ्यांची तळी व्हायची, काठावर झाडे वाढायची, तळ्यात गोगलगाई, मासे आणि बेडूक यायचे. मग पुन्हा लाव्हा यायचा आणि ते तळे त्याच्याखाली जायचे. दोन लाव्हांच्या मधल्या या गाळाच्या पातळ थरांना आम्ही आंतरट्रॅपी थर म्हणतो. लाव्हाच्या पसाऱ्याच्या पूर्वेकडील कडेला, म्हणजे नागपूर, छिंदवाडा, मंडला या भागांत, ते विशेष आढळतात. कित्येक ठिकाणी त्यांची जाडी माणसाच्या उंचीइतकीही नसते. दख्खनच्या त्या काळातील जीवनाविषयी आपल्याला जे काही ठाऊक आहे त्याचा फार मोठा भाग या पातळ थरांतून आला आहे.

मला या थरांची सर्वांत मोठी नवलाई वाटते ती अशी की ज्या ज्वालामुखीने जंगले जाळली त्यानेच ती टिकवण्याचे साहित्यही पुरवले. ताज्या लाव्हा आणि राखेतून पावसाचे पाणी सिलिका विरघळवून तळ्यात आणत असे. त्या पाण्यात बुडालेल्या लाकडाच्या, फळांच्या आणि शेवाळाच्या पेशींमध्ये ही सिलिका शिरे आणि कुजणे पूर्ण होण्याआधीच घट्ट होई. हे फार झपाट्याने घडू शकते. जपानमधील गरम झऱ्यांत पडलेल्या लाकडात काही वर्षांतच सिलिका भरू लागल्याचे मोजून पाहिले गेले आहे. याचा परिणाम म्हणजे चर्ट नावाचा काचेसारखा कठीण, करडा किंवा काळपट दगड. छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलाँ येथील चर्टचा पातळ काप घासून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की खोडाच्या पेशी, फळातील बिया आणि अझोलासारख्या पाण्यावर तरंगणाऱ्या नेच्याचे भाग आज कापल्यासारखे स्पष्ट दिसतात. तिथे नीपा या खाडीकाठी वाढणाऱ्या ताडाची फळे मिळाली आहेत. आज हा ताड आपल्याला सुंदरबनात पाहायला मिळतो, आणि मोहगाव कलाँ समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. वनस्पतींच्या जीवाश्मांचे अभ्यासक बिरबल साहनी यांनी १९३०च्या आणि १९४०च्या दशकांत या वनस्पतींच्या अभ्यासाचा पाया घातला. लखनौची त्यांच्या नावाची संस्था १९४६ सालची. त्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी नागपूरजवळच्या टाकळीतून असे जीवाश्म गोळा करून जगापुढे आणले होते.

लाव्हा येण्याच्या थोडे आधीचे, नद्या आणि तळ्यांच्या गाळाचे थर लॅमेटा या नावाने ओळखले जातात, आणि महाराष्ट्रातल्या डायनासोरांसाठी जायचे ते याच थरांकडे. चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगाव येथे एका लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरचा मोठा सांगाडा मिळाला. त्याला १९९७ साली शास्त्रीय नाव मिळाले आणि पुढे तो इसिसॉरस झाला, ते उत्खनन करणाऱ्या कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून. भारतातील इतका सलग सांगाडा फार क्वचित आढळतो, आणि तरीही त्यात कवटी नाही, मागचे पाय नाहीत. उत्तम म्हणावा अशा जीवाश्माचीही ही अवस्था असते.

त्याच जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या पिसदुरा गावी हाडांबरोबर विष्ठाश्म मिळतात, म्हणजे जीवाश्म झालेली विष्ठा. मुठीएवढा, फिकट तपकिरी, वळ्या पडलेला हा गोळा शेताच्या बांधावर पडलेला असेल तर कोणी वाकूनही पाहणार नाही. २००५ साली वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यांतून गवताचे फायटोलिथ वेगळे केले. गवत आपल्या पेशींमध्ये सिलिकेचे सूक्ष्म कण तयार करते आणि प्रत्येक गटाच्या गवतात त्यांचा आकार ठरलेला असतो. भाताच्या किंवा कुसळी गवताच्या पात्याने बोट चिरते ते त्यातल्या सिलिकेमुळेच. पान पचून गेले, पण हे कण पचले नाहीत, कुजले नाहीत, विरघळले नाहीत. डायनासोर असताना गवत अस्तित्वात होते याचा तोवर असा भक्कम पुरावा नव्हता. तो पिसदुऱ्याच्या विष्ठेने दिला, आणि २०११ साली त्यात भाताच्या कुळाशी नाते सांगणारे कणही ओळखले गेले. प्राणी मोठा की लहान यावर जीवाश्माचे मोल ठरत नाही असे मी विद्यार्थ्यांना सांगतो तेव्हा माझ्या मनात नेहमी हे गोळे असतात.

आता दुर्मीळतेचे गणित. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतील चार्ल्स मार्शल आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली टायरॅनोसॉरस रेक्स या एकाच जातीसाठी ते मांडून पाहिले. त्यांच्या अंदाजाने एका वेळी सुमारे २०,००० प्रौढ प्राणी जिवंत होते आणि जातीच्या सबंध आयुष्यात मिळून सुमारे २५० कोटी जन्मले. ज्ञात जीवाश्मांशी ताडून पाहिले तर आठ कोटींमागे एकाचा जीवाश्म आपल्या हाती आला आहे. अशा अंदाजात चूकभूल मोठी असते आणि ती त्यांनी स्वतःच नोंदवली आहे, पण प्रमाण किती विरळ आहे हे समजायला तो पुरेसा आहे. शिवाय हा हत्तीएवढ्या, जाड हाडांच्या प्राण्याचा हिशेब झाला. गांडूळ, सुरवंट, कोळी, अळंबी यांच्या बाबतीत तो मांडायचीही सोय नाही. आज जिवंत असलेल्या सुमारे वीस लाख जातींना नावे दिली गेली आहेत, आणि पृथ्वीच्या सगळ्या भूतकाळातून नाव दिलेल्या जीवाश्म जाती आहेत जेमतेम अडीच लाख.

यातले बरेचसे नुकसान जीवाश्म तयार झाल्यानंतरचे आहे. थर खोल गाडले जाऊन तापले, दाबले गेले की त्यांतले आकार मोडतात. नंतर ते वर यावे लागतात, कारण जमिनीखाली पाचशे मीटरवर असलेला सांगाडा आपल्यासाठी नसल्यासारखाच आहे. वर आल्यावर पुन्हा ऊन, पाऊस आणि नांगर आहेतच, आणि उघडे पडणे व झिजून जाणे यांमधला अवधी मोजक्या वर्षांचा असतो. त्या अवधीत ओळखणारी नजर तिथून जायला हवी. मुंबईचे उदाहरण घ्या. वरळीच्या आंतरट्रॅपी थरांत लहानशा बेडकांचे पुष्कळ सांगाडे मिळाले आणि रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. आज त्यांना इंडोबॅट्रॅकस म्हणतात. बेडकाचे हाड किती नाजूक, तरी ते तिथे टिकले. मात्र ते थर आज इमारतींखाली आहेत, आणि १८४०च्या दशकात कोणी ते उचलले नसते तर मुंबईत बेडकांचे जीवाश्म होते हे कुणाला कळलेही नसते.

म्हणूनच मिळालेली वस्तू जागेवरून हलवू नये असा आमचा आग्रह असतो. थरापासून तुटलेले हाड कोणत्या काळाचे, कोणत्या पाण्यातले, त्याच्या शेजारी काय होते, हे सगळे प्रश्न अनुत्तरित राहतात आणि ते परत सोडवता येत नाहीत. छायाचित्र काढताना शेजारी पट्टी किंवा पेन ठेवावे, मोबाइलवर जागेची नोंद घ्यावी, थर कोणता ते लिहावे आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला कळवावे. गोदावरी, प्रवरा, मांजरा यांच्या जुन्या गाळात हत्ती आणि रानबैल यांची हाडे मिळतात. त्यांच्यावर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काम झालेले आहे. ही हाडे डायनासोरांच्या मानाने अगदी अलीकडची, हिमयुगाच्या काळातली, पण शाळेची सहल न्यायची असेल तर पश्चिम महाराष्ट्राच्या मुलांना हे नदीकाठ जवळचे आहेत.

आता तो गोल दगड. बेसॉल्ट थंड होताना त्याला आडव्या-उभ्या भेगा पडतात आणि त्याचे ठोकळे होतात. भेगांतून पाणी शिरते, ठोकळ्याचे कोपरे तीन बाजूंनी झिजतात, कडा दोन बाजूंनी आणि सपाट बाजू एकाच बाजूने, म्हणून चौकोनी ठोकळा आतल्या आत गोल होत जातो आणि त्याचे पापुद्रे सुटतात. घाटातल्या प्रत्येक कापलेल्या कड्यात मुरमात बसलेले असे गोळे शेकड्यांनी दिसतील. डायनासोरच्या अंड्याचे कवच असे कांद्यासारखे अनेक पदरी नसते. ते एकच, काही मिलिमीटर जाडीचे असते, बाहेरून बारीक पुटकुळ्यांचे आणि भिंगाखाली आरपार श्वासरंध्रे असलेले. अशी खरी अंडी नर्मदेच्या खोऱ्यात आहेत, धार जिल्ह्यात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एकाच अभ्यासात ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवली गेली, परंतु ती लॅमेटाच्या चुनखडीयुक्त गाळात आहेत, लाव्हात नाहीत. त्याचप्रमाणे काळ्या दगडाच्या फटीत नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसली तर ती मँगनीजची असते, आणि पोकळीत चमकणारे पांढरे स्फटिक झिओलाइटचे किंवा गारेचे असतात.

मुलांना त्या गोळ्याचा सर्वांत बाहेरचा पापुद्रा आणि आतला गाभा शेजारी शेजारी ठेवून भिंगाखाली पाहायला सांगा. दोन्हींत तेच खनिजाचे कण दिसतील, फक्त बाहेरचे गंजून पिवळट-तांबूस झालेले असतील आणि आतले अजून काळे असतील.